कोण किती पाणी पितं? स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजायचा प्रयोग

डायपर फाडायचा, आतली पावडर ग्लासात टाकायची, पाणी ओतायचं, ग्लास उलटा करायचा आणि पाणी पडत नाही म्हणून टाळ्या घ्यायच्या. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी एक तरी टेबल असं असतं. बघायला मजा येते, पण परीक्षकांनी "पावडरीने किती पाणी शोषलं?" असं विचारलं की पोरं "खूप" म्हणतात आणि गाडी तिथेच अडते. हा "खूप" आकड्यात आणायला घरातला वजनकाटा, चहाची गाळणी आणि एक मोकळी दुपार पुरते.

"किती पाणी?" हा अर्धाच प्रश्न आहे. उरलेला अर्धा म्हणजे "कुठलं पाणी?" तीच पावडर नळाच्या पाण्यात एक आकडा देते, बोअरच्या पाण्यात दुसरा आणि मिठाच्या पाण्यात तिसराच. नाशिकमध्ये हा प्रयोग करण्यात खरी गंमत यामुळेच आहे. इथल्या कित्येक सोसायट्यांमध्ये स्वयंपाकघरात महापालिकेचं पाणी येतं आणि बाथरूमला बोअरचं, म्हणजे दोन वेगळी पाणी एकाच घरात हाताशी असतात.

सहावी-सातवीच्या मुलांना हे सगळं सहज जमेल, मात्र शेजारी एखादं मोठं माणूस हवं. घरात अगदी लहान बाळ असेल तर आधी शेवटून दुसरा भाग वाचा आणि मगच सामान आणा.

काय काय लागेल

सगळ्यात महत्त्वाचा वजनकाटा. केकसाठी वापरतात तो १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा चालेल. पण १ ग्रॅम पावडर मोजायला तो भरवशाचा नाही, कारण त्याच्या १ ग्रॅमचा अर्थ अर्ध्या ग्रॅमपासून दीड ग्रॅमपर्यंत काहीही असू शकतो. यावर सोपा तोडगा आहे. पाव चमच्याचं माप घ्या, पावडरीचे दहा सपाट पाव चमचे एका वाटीत टाका, एकत्र वजन करा आणि दहाने भागा. एका मापाचं वजन बऱ्यापैकी नेमकं कळतं. पुढे वजन करायची गरजच नाही, मापाने पावडर घ्यायची. सराफ बाजारात ओळखीचे सोनार असतील तर दुपारी गिऱ्हाईक कमी असताना एक पुडी तोलून देतील, त्यांच्या काट्याची बरोबरी आपल्याकडे नाही.

बाकी सामान असं: मेडिकलमधून सर्जिकल कापूस आणि लहान मुलांचा एक डायपर, किराणा दुकानातून सब्जा, हरभरे, बेदाणे, मीठ आणि साखर, पूजेच्या दुकानातून वातीचा कापूस. चक्का बांधायला वापरतो ते मलमलचं फडकं, गाळणी, चार-पाच सारखे ग्लास, एक मोठं भांडं, मोबाइलमधलं घड्याळ आणि वही. वही हवीच. फोटो शंभर काढाल, पण कुठला ग्लास कुठल्या पाण्याचा हे संध्याकाळी आठवत नाही. ग्लासांना चिकटपट्टी लावून नावंही लिहून ठेवा.

सुरुवात कापसापासून

हा भाग पाच मिनिटांचा आहे, म्हणून तो गाळायचा मोह होतो. गाळू नका.

दोन वाट्यांत पाणी घ्या. एकीत सर्जिकल कापसाचा लिंबाएवढा बोळा अलगद सोडा, दुसरीत तेवढाच वातीचा कापूस. सर्जिकल कापूस बघता बघता भिजून तळाला जातो. औषधी मानकांप्रमाणे तो १० सेकंदांच्या आत बुडायलाच हवा. वातीचा कापूस मात्र तरंगत राहतो. बोटाने दाबून पाण्याखाली न्या, सोडला की पुन्हा वर. जवळून पाहिलंत तर त्याच्या तंतूंभोवती हवेचे बारीक चंदेरी बुडबुडे चिकटलेले दिसतील.

दोन्ही कापूसच, मग असं का? झाडावरच्या कापसाच्या तंतूवर निसर्गतः मेणाचा अगदी पातळ थर असतो आणि मेणाला पाणी चालत नाही. सर्जिकल कापूस कारखान्यात कॉस्टिक सोड्यात उकळून, ब्लीच करून तो थर काढून टाकलेला असतो. आता तोच वातीचा कापूस गोडेतेलात टाकून बघा. तेल लगेच धरतो. देव्हाऱ्यातल्या निरांजनाचं काम त्या मेणामुळे अडत नाही.

(दुकानातल्या काही तयार वाती धुतलेल्या कापसाच्या असतात, त्या लगेच भिजतात. तुमच्याकडे तसं झालं तर प्रयोग फसला असं समजू नका. न धुतलेला, किंचित पिवळसर कापूस मिळवा. गादीवाल्याकडे हमखास मिळतो.)

यातून एक गोष्ट हाताशी आली. वस्तू कशाची आहे एवढं कळून भागत नाही, तिचा पृष्ठभाग पाण्याला आत घेतो का हेही बघावं लागतं.

"पट" कसे काढायचे

पुढच्या सगळ्या वस्तूंसाठी रीत एकच आहे, ती एकदा नीट बसवून घ्या.

१. मलमलचं फडकं पाण्यात भिजवून घट्ट पिळा, गाळणीत अंथरा आणि गाळणी-फडक्याचं एकत्र वजन करून लिहा. फडकं कोरडं तोललंत तर त्याने प्यायलेलं पाणीही वस्तूच्या खात्यावर जमा होतं. प्रदर्शनातल्या निम्म्या चुका इथेच होतात.

२. वस्तूचं कोरडं वजन लिहा.

३. भरपूर पाण्यात वस्तू टाका. भरपूर म्हणजे शेवटी वर मोकळं पाणी उरलं पाहिजे. सगळं पाणी संपलं तर वस्तूला अजून हवं होतं की नाही ते कळणार नाही.

४. ठरलेला वेळ थांबा. पावडर आणि सब्जाला अर्धा तास, हरभऱ्याला रात्रभर.

५. गाळणीत ओता आणि १० मिनिटं निथळू द्या. पिळायचं नाही, चमच्याने दाबायचंही नाही.

६. पुन्हा वजन करा, त्यातून गाळणी-फडक्याचं वजन वजा करा. हे झालं ओलं वजन.

७. ओल्या वजनातून कोरडं वजन वजा करा आणि उत्तराला कोरड्या वजनाने भागा.

समजा पावडर १ ग्रॅम होती, गाळणी-फडकं ६२ ग्रॅम आणि निथळल्यावर सगळं मिळून २४३ ग्रॅम भरलं. ओलं वजन १८१, त्यातलं पाणी १८०, म्हणजे पावडरीने स्वतःच्या १८० पट पाणी धरलं.

प्रत्येक वस्तू निदान तीनदा करा आणि तिन्ही आकडे वहीत ठेवा. सरासरी काढा, पण मूळ आकडे खोडू नका. तिन्हींत फार फरक पडत असेल तर निथळायची वेळ कमीजास्त होते आहे, हे पहिलं तपासा.

सर्जिकल कापसाचा आकडा वीस पटींच्या आसपास येईल. सब्जाचा दहा ते तीस पटींमध्ये कुठेतरी, बी किती ताजं आणि स्वच्छ यावर. इसबगोल या पद्धतीने मोजायच्या फंदात पडू नका, ते फडक्यातून निथळतच नाही, नुसतं लोंबतं. त्याचं आकारमान बघा. उंच ग्लासात १ ग्रॅम भुशी आणि १०० मिलिलिटर पाणी घालून ढवळा, अधूनमधून हलवा आणि दुसऱ्या दिवशी खाली बसलेला थर किती मिलिलिटरचा झाला ते पट्टीने मोजा. चांगल्या भुशीचा थर ४० मिलिलिटरच्या वर जातो.

सब्जा मात्र भिंगातून बघाच. पाण्यात पडल्यावर मिनिटाभरात काळ्या दाण्याभोवती धुरकट, निळसर पांढरं कडं उमटतं आणि वाढत जातं. फुगतं ते दाण्याच्या सालीवरचं चिकट आवरण. आतला दाणा जवळपास होता तेवढाच राहतो. फालुद्यात जिभेला लागतो तो मऊ गोळा म्हणजे ते आवरण, आणि दाताखाली कुरकुरतं ते बी.

डायपरमधली पावडर

नवा, न वापरलेला डायपर घ्या. आतला मऊ थर कात्रीने उभा कापा, आतला कापसासारखा लगदा झिप असलेल्या मोठ्या पिशवीत टाका, पिशवीत थोडी हवा ठेवून बंद करा आणि दोन-तीन मिनिटं जोरात हलवा. लगद्यातून पांढरे, रवाळ कण सुटून पिशवीच्या कोपऱ्यात जमतात. लगदा बाहेर काढा, कोपरा कापून कण वाटीत घ्या. एका डायपरमधून चमचा-दोन चमचे माल मिळतो. पंखा बंद ठेवा, तोंडाला रुमाल बांधा आणि डोळे चोळू नका. हे कण नाकातोंडात गेले तर तिथलंच पाणी ओढतात.

या पावडरीचं नाव सोडियम पॉलिअॅक्रिलेट. पाणी शोषणारे असे पदार्थ अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पिओरिया इथल्या प्रयोगशाळेत १९७०च्या दशकात गाजले. तिथे मक्याच्या स्टार्चवर रासायनिक प्रक्रिया करून ते बनवले होते. डायपरमध्ये आज असते ती याच कुळातली, पण स्टार्च नसलेली पावडर.

एक ग्रॅम पावडर आणि अर्धा लिटर पाणी, असं प्रमाण घ्या. पावडर आधी ग्लासात आणि पाणी वरून, एका दमात. उलट केलंत तर वरच्या वर गठ्ठे होतात आणि आतली पावडर कोरडीच राहते. ओतल्यावर लगेच ढवळा, मग हात लावू नका. पहिल्या मिनिटात पाणी दाट होतं आणि अर्ध्या तासात ग्लासात बर्फाच्या चुऱ्यासारखे पारदर्शक तुकडे दिसू लागतात. त्यांतला एक बोटांत धरून दाबा. पाणी बाहेर येत नाही, तुकडाच फुटतो. ओला स्पंज किंवा टीपकागद दाबून बघितला की फरक लक्षात येईल. त्यांच्यात पाणी फटींमध्ये अडकलेलं असतं, दाबलं की सुटतं. पावडर फुगून झालेल्या या तुकड्यांत, म्हणजे जेलमध्ये, पाणी थेट रेणूंच्या जाळ्यात शिरलेलं असतं.

नळाच्या पाण्यात या पावडरीचा आकडा साधारण दीडशे ते तीनशे पटींच्या घरात यावा. तुमचा कमी आला तर बहुतेक वेळा पावडरीत लगदा मिसळलेला असतो. मैद्याच्या चाळणीतून एकदा चाळून घ्या.

आत काय चालतं

पावडरीचा प्रत्येक कण म्हणजे लांबलचक रेणूसाखळ्यांचा गुंता असतो. साखळीवर जागोजागी ऋणभार आणि त्या प्रत्येकाजवळ सोडियमचा एक धनभारित आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू. कोरड्या कणात सगळं आवळून बसलेलं असतं. पाणी आलं की सोडियम मोकळा होतो, पण साखळीचं आकर्षण असल्यामुळे लांब जाऊ शकत नाही, कणाच्या आतच घुटमळतो. म्हणजे आत आयनांची गर्दी आणि बाहेर साधं पाणी. हा फरक कमी करायला बाहेरचं पाणी आत धावतं. त्यातच साखळ्यांवरचे ऋणभार एकमेकांना ढकलतात आणि गुंता उलगडत जातो.

मग तो विरघळून का जात नाही? कारण साखळ्या मधे मधे एकमेकींना बांधलेल्या असतात. सहलीला हात धरून निघालेल्या पोरांनी कितीही ढकलाढकली केली तरी रांग ताणली जाते, सुटत नाही, तसंच. गाठी कमी असतील तर जेल जास्त फुगतं पण लिबलिबीत होतं, जास्त असतील तर कमी फुगतं पण घट्ट राहतं. बाळ वर बसलं तरी डायपर गळू नये, म्हणून कारखाने या गाठींचं प्रमाण राखतात.

मीठ आणि साखर

तयार जेलचे दोन ग्लास घ्या, दोन्हींत सारखंच जेल. एकात अर्धा चमचा मीठ घाला, दुसऱ्यात अर्धा चमचा साखर. दोन्ही ढवळा.

मिठाचा ग्लास बघत राहा. तुकड्यांच्या कडा जातात, मधे पाणी दिसू लागतं आणि थोड्याच वेळात ग्लासात जवळपास नुसतं पाणी होतं, तळाशी आक्रसलेलं थोडं जेल. साखरेच्या ग्लासात काही घडत नाही. मुलं मिठाकडेच बघतात, पण शिकवतो तो साखरेचा ग्लास. तो नसता तर "काहीही विरघळवलं की जेल मोडतं" असा निष्कर्ष निघाला असता. मीठ पाण्यात सोडियम आणि क्लोराइडच्या आयनांत फुटतं. बाहेरही आयनांची गर्दी झाली की आतबाहेरचा फरक घटतो आणि ऋणभारांचं ढकलणंही बोथट होतं. साखरेच्या रेणूवर भारच नाही, ती जेलच्या आत-बाहेर सारखी पसरते आणि गप्प राहते.

आता हेच आकड्यात आणा. एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ विरघळवा, म्हणजे सलाइनच्या बाटलीइतकं खारट पाणी झालं. त्यात १ ग्रॅम कोरडी पावडर टाकून वरच्या रीतीने पट काढा. आकडा तीस ते साठच्या दरम्यान कोसळतो. लघवीतही क्षार असतात, त्यामुळे साध्या पाण्याचे आकडे बघून डायपरची ताकद ठरवण्यात अर्थ नाही. जाहिरातीत निळं पाणी ओतून दाखवतात, तेव्हा "त्यात मीठ किती?" हे विचारायची सवय मुलांना लागली तर बरंच.

वेळ उरला तर तिसऱ्या ग्लासात लिंबू पिळा. तिथेही जेल बसतं, पण कारण वेगळं. आम्लामुळे साखळीवरचे ऋणभारच झाकले जातात.

नळ, बोअर, एसी आणि पाऊस

हा या प्रयोगाचा गाभा. निदान चार प्रकारचं पाणी जमवा.

नळाचं पाणी, म्हणजे शहराच्या मोठ्या भागात गंगापूर धरणातून येणारं. बोअरचं पाणी सोसायटीच्या नळावरून, नाहीतर ओळखीच्या मळ्यातून. तिसरं आरओचं. चौथं आणि सगळ्यात शुद्ध म्हणजे एसीच्या पाइपातून ठिबकणारं. हवेतली वाफ थंड कॉइलवर जमून ते तयार होतं, त्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतात. पाइपातली धूळ मात्र असते, म्हणून पहिलं तांब्याभर सोडून द्या, नंतरचं गाळून घ्या. एसी नसेल तर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर बॅटरीवाल्याकडे मिळतं. जुलैमध्ये करत असाल तर गच्चीवर मधोमध पातेलं ठेवून थेट आभाळातून पडणारं पाणी घ्या, पत्र्यावरून आलेलं नको.

चारही पाण्यांत तेवढीच पावडर, तेवढंच पाणी, तेवढाच वेळ. डिस्टिल्ड किंवा एसीच्या पाण्याला या वेळी अर्ध्या लिटरऐवजी एक लिटर द्या आणि तुलना चोख हवी असेल तर चौघांनाही एक लिटरच द्या. शुद्ध पाण्यात पावडर तीनशेच्याही पुढे जाते, अर्धा लिटर अपुरा पडू शकतो.

सर्वात वर शुद्ध पाणी, मग आरओ, मग नळ आणि तळाला बोअर असा क्रम येईल, असं आधी वहीत लिहून मग प्रयोग करा. क्रम उलटला तरी आकडे बदलू नका, पाणी तपासा. काही आरओ मशीनमध्ये चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळतात, त्यामुळे आरओ आणि नळ शेजारी शेजारी आले तर नवल नाही. आरओ सर्व्हिसला येणाऱ्या माणसाकडे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर असतो. त्याच्याकडून चारही पाण्यांचे आकडे घेतले आणि पटांच्या शेजारी लिहिले, तर तक्ता प्रदर्शनात लावण्याजोगा होतो.

बोअरचं पाणी इतकं मागे का पडतं? आपल्याकडचं भूजल बेसाल्टच्या भेगांतून झिरपत येतं आणि वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियम गोळा करतं. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि डाळ शिजता शिजत नाही, ते हेच जड पाणी. कॅल्शियमच्या आयनावर दुहेरी धनभार असतो. तो एकाच वेळी दोन साखळ्यांना धरतो, म्हणजे जाळ्यात जास्तीच्या गाठी पडतात. त्यामुळे थोडं कॅल्शियमही बऱ्याच मिठाएवढं नुकसान करतं. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात. या दोन टोकांच्या पाण्यांत पावडरीचे आकडे सारखे येणं शक्यच नाही.

हरभरा आणि बेदाणा

हरभरा सगळ्यांच्या परिचयाचा, म्हणून थोडक्यात. ५० ग्रॅम भिजत घाला, दर तासाला निथळून, पुसून वजन करा आणि परत पाण्यात टाका. आलेख आधी चढा, मग सपाट होतो आणि सकाळी वजन साधारण दुप्पट भरतं. पहिल्या तासा-दोन तासांत साल सुरकुतते, ती वाळली म्हणून नाही. साल आधी पाणी पिऊन पसरते, आतली डाळ मागे राहते. डाळ फुगली की सुरकुत्या जातात.

बेदाण्यात आणखी एक गंमत आहे. नाशिक खायच्या द्राक्षांचं आणि बेदाणा म्हटलं की तासगाव-सांगली, हे खरं, पण बेदाणे इथेही होतातच. द्राक्षाच्या सालीवर नैसर्गिक मेणाचा थर असतो आणि तो आतलं पाणी अडवतो. म्हणून वाळवण्याआधी घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवतात, त्याने थर सैल होतो आणि द्राक्षं लवकर वाळतात. कापसाच्या मेणाचीच ही दुसरी बाजू.

दहा बेदाणे साध्या पाण्यात चार-पाच तास ठेवा, टम्म फुगतील. त्यातले पाच काढून साखरेच्या घट्ट पाकात टाका आणि रात्रभर ठेवा. सकाळी ते पुन्हा सुकलेले असतील. आता मुलांना विचारा, जेलला साखरेने काही झालं नाही, मग बेदाणा का आकसला? थोडं डोकं खाजवू द्या. बेदाण्याला साल आहे. ती पाण्याला वाट देते, साखरेला सहजी देत नाही, म्हणून बाहेर साखर जास्त झाली की पाणीच बाहेर पडतं. जेलला साल नाही, तिथे साखर सरळ आत शिरते. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की "शोषणं" हे एकच काम दोन वेगळ्या वाटांनी होतं, हे कुठल्याही धड्यापेक्षा पक्कं बसतं.

काळी माती

निफाड-दिंडोरीकडच्या काळ्या रानात मे महिन्यात पाय अडकेल अशा भेगा पडतात आणि पावसात त्या मिटतात. या मातीत माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते, तिच्या थरांमधे पाणी शिरतं आणि थर फाकतात. बांधकामवाले पाया घेण्याआधी माती किती फुगते ते तपासतात. आयएस २७२० मानकाच्या ४०व्या भागात रीत दिली आहे: बारीक चाळलेली १० ग्रॅम माती एका मोजपात्रात पाण्यात, तेवढीच दुसऱ्यात रॉकेलमध्ये, आणि २४ तासांनी दोन्ही थरांची उंची. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून ती तुलनेला.

घरी रॉकेल नको. उन्हात वाळवून, कुटून, मैद्याच्या चाळणीने चाळलेली काळी माती दोन सेंटिमीटर भरेल एवढी एका सरळ ग्लासात घ्या, दुसऱ्यात तितकीच बारीक वाळू. खुणा करा, हळूच पाणी घाला, काडीने हवा काढून टाका. दुसऱ्या दिवशी वाळू खुणेपाशीच असते, माती वर सरकलेली दिसते.

यावरून हायड्रोजेलचा, म्हणजे पाणी धरून ठेवायला शेतात टाकतात त्या जेलचा, हिशेबही उलगडतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने तयार केलेलं पुसा हायड्रोजेल सेल्युलोजपासून बनतं, शुद्ध पाण्यात निदान ३५० पट पाणी धरतं आणि हेक्टरी अडीच ते पाच किलो टाकायची शिफारस आहे. पण ३५० हा शुद्ध पाण्यातला आकडा. मातीत खतांचे क्षार, वर मातीचं वजन आणि बोअरचं जड पाणी, त्यामुळे तिथे तेवढं मिळणार नाही. माझ्या मते मुरमाड, पाणी न धरणाऱ्या जमिनीत असा खर्च विचारात घ्यावा. भारी काळ्या रानात माती स्वतःच ते काम करते.

आणि डायपरची पावडर घरच्या तुळशीत टाकू नका. त्यात सोडियम आहे, ते माती बिघडवतं. शेतीच्या जेलमध्ये बहुधा पोटॅशियम असतं. कुंडीत करून बघायचंच तर कृषी सेवा केंद्रातून शेतीचंच आणा, दोन सारख्या डब्यांत माती भरा, एकात लिटरभर मातीला एक ग्रॅम मिसळा, दोन्हींत मेथी पेरा. रोपं बोटभर झाली की पाणी बंद करा आणि कुठली आधी माना टाकतात ते बघा.

घरात लहान मूल असेल तर

रंगीत जेली बॉल किंवा वॉटर बीड्स नावाने मिळणारे मणी याच जातीचे. लहान मुलाने कोरडा मणी गिळला तर तो आतड्यात फुगून वाट अडवू शकतो, आणि एक्स-रेमध्ये बहुधा दिसतही नाही. शंका आली तरी वाट न बघता डॉक्टरांकडे जा आणि काय गिळलं ते नीट सांगा. मी तर लहान मुलांच्या घरात हे मणी आणूच नयेत असंच म्हणेन, डायपरच्या पावडरीत सगळं शिकून होतं. कोरडं इसबगोलही कुणाला तोंडात टाकू देऊ नका, घशातच फुगतं. फरशीवर सांडलेलं जेल भयंकर निसरडं असतं. त्यावर ओला पोछा मारला तर आणखी पसरतं. आधी मीठ टाका, मग सुक्या कागदाने गोळा करा.

आवराआवर

जेल बेसिनमध्ये किंवा टॉयलेटमध्ये ओतायचं नाही. पाइपात ते आणखी पाणी पिऊन बसतं. चुकून गेलंच, तर मुठभर मीठ गरम पाण्यात विरघळवून ओता, थोडा वेळ थांबा आणि मग भरपूर पाणी सोडा.

उरलेलं जेल फेकायची घाई नसेल तर जुन्या ताटात पातळ पसरून गच्चीवर ठेवा, वर जाळी झाका, नाहीतर कबुतरं येतात. एप्रिलच्या उन्हात ते लवकर वाळून काचेसारखे चुरचुरीत पापुद्रे होतात. ते चुरून पुन्हा वापरता येतात, पण पहिल्या वेळच्या पाण्यातले क्षार आतच राहिलेले असतात, तेव्हा दुसऱ्या फेरीचा आकडा कमी येतो. किती कमी, हे मोजायला काटा अजून टेबलावरच आहे. फेकायचं झालं तर मीठ घालून पाणी सोडू द्या, पाणी ओतून टाका आणि आक्रसलेला गोळा कागदात गुंडाळून घंटागाडीत द्या. ओल्या कचऱ्यात मात्र नको, ते कुजत नाही. मलमलचं फडकं आधी मिठाच्या पाण्यात खळबळून मग धुवा, आणि ते पुन्हा चक्क्याला वापरू नका. याच कामासाठी बाजूला ठेवा.